मैत्रीच्या अंगणातली दगडफुले

गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल हे खरे तर फूल नव्हेच. शास्त्रज्ञ त्याला लायकेन म्हणतात. बुरशी आणि शेवाळ यांचा हा एकत्र संसार! बुरशी घर बांधते, पाणी धरून ठेवते. शेवाळ सूर्यप्रकाशावर अन्न शिजवते. या दगडफुलाचे भाऊबंद थेट अंटार्क्टिकावर, भारताच्या ‘मैत्री’ तळाच्या अंगणातही नांदतात.

पहिली भारतीय मोहीम १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहून निघाली. ‘मैत्री’ १९८९ पासून शिर्माकर टेकड्यांत उभे आहे. एकीकडे हिमस्तर, दुसरीकडे समुद्रावर पसरलेले बर्फाचे पठार आणि मधे सुमारे ३५ चौरस किलोमीटरचा उघडा, खडकाळ पट्टा. लहानमोठी तळी पुष्कळ. त्यांपैकी ‘प्रियदर्शिनी’ तळाला पाणी पुरवते. झाड नाही, झुडूप नाही, गवताची काडीसुद्धा नाही. पण वाकून पाहिले, तर खडकांच्या फटींत काळे, राखी डाग दिसतात. इथल्या हिरवाईचा रंग असा!

हिवाळ्यात जिथे काही आठवडे सूर्यच उगवत नाही, तिथे हे जीव जगतात कसे? पहिले उत्तर म्हणजे झोप. पाणी नसले की लायकेन पापडासारखे वाळते आणि त्याचे सारे व्यवहार थांबतात. या अवस्थेत कडाक्याची थंडी त्याचे फारसे काही बिघडवू शकत नाही. उन्हाळ्यात बर्फ वितळले, की ते पाणी शोषून घेऊन पुन्हा कामाला लागते. गडद रंगामुळे ऊन शोषले जाते आणि आसपासच्या हवेपेक्षा त्याचे अंग अधिक उबदार राहते.

खरी नवलाई पुढेच आहे. पाणी गोठलेले असतानाही अंगावर साचलेल्या हिमातून ते थेट बाष्प ओढून घेऊ शकते. बर्फाचे स्फटिक तयार होतात, ते बहुतेक पेशींच्या बाहेर. आतला द्रव साखरेच्या जातीच्या पदार्थांमुळे सहजी गोठत नाही. खंडाच्या दुसऱ्या बाजूला, ग्रॅनाइट हार्बर येथे, शास्त्रज्ञांनी अंबिलिकारिया जातीच्या लायकेनवर उपकरणे लावली. उणे १७ अंश सेल्सिअसलाही ते कार्बन डायऑक्साइड शोषून अन्न बनवीत होते! हे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या घरच्या फ्रीझरमध्येसुद्धा थंडी साधारण इतकीच असते.

मात्र अशी कमाई तुटपुंजीच असायची. वर्षातले कामाचे तास मोजके, त्यामुळे वाढही अतिशय संथ. अंटार्क्टिकातील कोरड्या दऱ्यांमध्ये ब्युएलिया नावाचे लायकेन शंभर वर्षांत जेमतेम एक मिलिमीटर वाढते. म्हणजे नखाएवढा डाग शिवरायांच्या काळातला असू शकतो!

म्हणूनच इथे पाऊल जपून टाकावे लागते. १९९१ च्या माद्रिद कराराने तिथल्या वनस्पतींना, आणि त्यांच्याबरोबर लायकेनलाही, कायद्याचे संरक्षण दिले. पण खडकावरून चालणाऱ्या माणसापाशी प्रत्येक वेळी कायदा उभा नसतो. बुटाच्या एका घसटीने जे निघून जाईल, ते पुन्हा तेवढे झालेले त्याला पाहायला मिळणार नाही. त्याच्या नातवंडांनाही नाही. उणे १७ अंशांना न डगमगणारा हा जीव आपल्या एका बेफिकीर पावलापुढे मात्र अगदी हतबल आहे.