चाकाला हात

भूगोलाच्या तासाला ग्रीनलंडचे नाव निघाले की एखादा मुलगा हटकून विचारी, "गुरुजी, तिथे एस.टी. जाते का?" ग्रीनलंडमध्ये गावांना जोडणारे रस्ते जवळजवळ नाहीतच. लोक नावेने, विमानाने आणि उत्तरेकडे हिवाळ्यात कुत्र्यांच्या घसरगाडीने ये-जा करतात. हे सांगताना मला मात्र आमच्या पैनगंगेकाठची काळी माती आठवे. तेथे बर्फ नव्हते; पण आषाढ लागला की आमचे गावही जगापासून तुटे.

1976 सालची गोष्ट. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. महाविद्यालयाचा अर्ज वाशीमला नेऊन देण्याचा तो अखेरचा दिवस होता. (वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 जुलै 1998 रोजी.) रात्रभर पाऊस कोसळला होता. आईने भाकरी बांधून दिली. अर्ज मेणकापडात गुंडाळून मी छातीशी धरला आणि पहाटेच निघालो. सडक दोन कोस दूर होती. पावलागणिक वहाणांना शेर शेर चिखल चिकटे. शेवटी त्या हातात घेतल्या.

इतक्यात मागून एक बंडी आली.

"कोठी चाल्ला रे बाप्पू?" धुरेवरच्या म्हाताऱ्याने विचारले.

"वाशीमले, आबा."

"मी सडकेलोक जातो. बस मांगं. पन बंडी फसली त चाकाले हात लावा लागन."

वाटसरूला बंडीत घेण्याची आमच्याकडे रीतच होती, आणि त्या रीतीचे नियमही होते. चढ आला की आपण होऊन खाली उतरावयाचे. चाक रुतले की खांदा द्यावयाचा. आणि धुरकऱ्यापाशी भाड्याचा शब्द काढावयाचा नाही, त्याला तो अपमान वाटे. सडक येईपर्यंत मी तीनदा उतरलो. शेवटच्या खेपेस तर कंबरेपर्यंत माखलो. त्या म्हाताऱ्याचे नाव विचारावयाचे मात्र राहूनच गेले.

सडकेवर कळले की, पलीकडच्या नाल्याला पूर आल्यामुळे एस.टी. आलीच नाही. एक मालट्रक पाणी उडवीत निघून गेला. दुसरा थांबला. ताडपत्रीखाली, खताच्या पोत्यांवर बसून मी वाशीम गाठले. चालकाने बारा आणे घेतले. त्यात वावगे काही नव्हते. ट्रक काही कडब्यावर चालत नाही!

कचेरीची खिडकी बंद होण्याच्या बेतात होती. मी मेणकापड सोडून अर्ज पुढे केला. त्याच्या कोपऱ्यावर चिखलाचा अंगठा उमटला होता. कारकुनाने अर्जाकडे पाहिले, मग माझ्या पायांकडे पाहिले, आणि काही न बोलता शिक्का मारला.