लिटर की किलो?

"साहेब, हा आकडा लिटरचा की किलोचा?" तात्यांनी एवढंच विचारलं होतं. मी म्हणालो, "ते आम्ही बघतो, तात्या." मी बघितलं नाही. ते अजून सलतं.

2016 च्या नोटाबंदीनंतर दुधाचं दहा दिवसांचं बिल थेट उत्पादकाच्या खात्यावर जमा करायची घाई सुरू झाली. गावची दूध संस्था, तालुक्याचा संघ आणि बँक, तिघांचे संगणक एकमेकांशी जोडायचे होते. मी संघाच्या बाजूने होतो. बैठका संघाच्याच कार्यालयात व्हायच्या. संस्थांचे सचिव भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसायचे; तात्या त्यांतलेच एक. फॅट, एसएनएफ, दर, खाते क्रमांक यांवर आम्ही तासन्‌तास बोललो. फाइलीतल्या एका रकान्याला मात्र नुसतं 'दूध' असं नाव दिलं.

गाईचं एक लिटर दूध साधारण 1.03 किलो भरतं. फॅट वाढलं की किंचित हलकं, एसएनएफ वाढलं की जड. संघाच्या डॉकवर दूध किलोने उतरतं. चाचणीला घेतलेल्या पाच संस्थांपैकी चौघींचे काटे किलोवर लावलेले, तात्यांचा लिटरवर. पूर्वी संघातले एक जुने कारकून हे हिशेबात धरून 1.03 ने भागायचे. कुठल्या गावचा काटा कसला, हे त्यांना पाठ होतं. लिहिलेलं कुठेच नव्हतं. नव्या व्यवस्थेत त्यांचं टेबल गेलं, आणि भागाकारही गेला.

पहिला अहवाल आला. तात्यांच्या संस्थेने सकाळी 400 आणि संध्याकाळी 300 पाठवलेलं, संघात उतरलेलं 412 आणि 309. दिवसाला 21 चा वाढावा, दहा दिवसांत 210. दूध वाटेत वाढत नाही. मग सचिव काटा मारतो, उत्पादकांचं दूध कमी लिहितो, असाच अर्थ निघाला. संघाने खुलासा मागितला. ते पत्र संस्थेच्या फळ्यावर लागलं.

सभा मारुतीच्या देवळात झाली. मी गेलो होतो. सतरा वर्षं पहाटे साडेपाचला संस्थेचं कुलूप उघडणारा माणूस खांबाला टेकून उभा होता, आणि ज्यांच्या घरची पोरं त्याच्यासमोर किटली घेऊन मोठी झाली तेच लोक त्याला महिन्याचे सहाशे तीस लिटर कुठे गेले ते विचारत होते. एका म्हातारीने वर्षभराच्या पावत्या त्याच्या पायाशी टाकल्या. तात्या एकदाच बोलले, "काटा तपासा." मी गप्प होतो, कारण तोवर मलाही शंका होती.

चूक चार दिवसांनी सापडली. दुरुस्तीला वीस मिनिटंही लागली नाहीत.

काम ज्यांच्या हातातून जातं, त्यांना पहिल्या दिवसापासून टेबलाशी बसवलंच पाहिजे, असं तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो. पुढच्या कामात तसं केलंही. बैठका दुप्पट लांबल्या, प्रत्येक सचिव आपल्या गावचीच अडचण सांगत राहिला, आणि कितीदा तरी वाटलं की आपणच ठरवून मोकळं व्हावं. आजही वाटतं.

सुधारलेला अहवाल आम्ही त्याच आठवड्यात पाठवला. आरोप मागे घेतल्याचं पत्र मात्र निघालं नाही. संघ म्हणतो ते संस्थेने काढायचं, संस्था म्हणते संघाने. तात्यांनी पुढच्या महिन्यात किल्ल्या ठेवल्या.