मोरोक्कोचं स्फुरद, ब्राझीलची साखर आणि आपला ऊस

शिरूर-दौंड पट्ट्यात आडसाली उसाच्या लागणी सुरू झाल्या की दोन प्रश्न मला हमखास विचारले जातात: डीएपी मिळेल का, आणि साखरेला भाव राहील का? माती आणि खतं हा माझा अभ्यासविषय. या दोन्ही प्रश्नांचा माग काढत गेलं की आपण मोरोक्को आणि ब्राझीलच्या व्यापारापाशी पोहोचतो.

डीएपीतलं स्फुरद (फॉस्फरस) ज्या फॉस्फेट खडकातून येतं, त्याच्या जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के साठे मोरोक्कोच्या ताब्यात आहेत. खुरिबगाच्या खाणींतला खडक जोर्फ लास्फर बंदरावर येतो आणि तिथे त्याचं आम्ल व खत होतं. ब्राझीलच्या सेराडो पठारावरची तांबडी, आम्लधर्मी माती स्फुरदाच्या बाबतीत अगदी दरिद्री. तो देश आपल्या गरजेची सुमारे ८५ टक्के खतं आयात करतो. उलट मोरोक्कोत बीट आणि ऊस पिकतो, पण गरजेइतका नाही. म्हणून कच्ची साखर मुख्यतः ब्राझीलहून येते. एकाची गरज दुसऱ्याच्या घरात, आणि राजकारणही त्याच वाटेनं चालतं. २००४च्या नोव्हेंबरात मोरोक्कोचे राजे सहावे मोहम्मद ब्राझीलला गेले, तेव्हाच मोरोक्को आणि ब्राझील ज्यात आहे त्या मर्कोसुर गटात व्यापाराचा चौकट करार झाला. २०२२मध्ये युक्रेन युद्धानं खत महागलं, तेव्हा ब्राझीलचे कृषिमंत्री स्वतः मोरोक्कोला गेले.

आपण या सौद्यात कुठेच नाही, तरी झळ आपल्यालाच बसते. सोयाबीनच्या पेरणीसाठी ब्राझील जून ते सप्टेंबरात जोरात खत उचलतो. नेमकी तेव्हाच आपल्यालाही निकड असते. सरकार अनुदान देऊन डीएपीची गोणी १३५० रुपयांवर धरून ठेवतं, त्यामुळे शेतकऱ्याला महागाई दिसत नाही, टंचाई दिसते. साखरेचंही तसंच. ब्राझीलमधले कारखाने उसापासून साखर करतात की इथेनॉल, यावर जगाचा भाव हलतो. भारताच्या ऊस-साखर अनुदानांविरुद्ध २०१९मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेणाऱ्यांतही ब्राझील होता; डिसेंबर २०२१मध्ये निकाल आपल्या विरुद्ध गेला आणि भारतानं अपील केलं. पाटसच्या भीमा किंवा न्हावऱ्याच्या घोडगंगा कारखान्याच्या सभासदानं हे माहीत करून घ्यायलाच हवं.

मला जास्त खंत वाटते ती मातीची. भीमा-घोड काठच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत दिलेल्या स्फुरदाचा मोठा भाग चुन्याशी बांधला जातो आणि पिकाला लगेच मिळत नाही. आडसालीला हेक्टरी १७० किलो स्फुरदाची शिफारस आहे, म्हणजे एकरी डीएपीच्या साधारण तीन गोण्या. पुष्कळ जण माती न तपासता त्याहून जास्त टाकतात. इतक्या दुरून, परकीय चलन मोजून आलेलं खत असं अडकून पडणं मला मान्य नाही. खत सरीत बेण्याखाली द्या, स्फुरद विरघळवणारे जिवाणू वापरा, पाचट जाळू नका. डीएपी मिळालं नाही तर सुपर फॉस्फेट चालतं. त्यातून गंधकही मिळतं, फक्त नत्र वेगळं द्यावं लागतं.

कारखान्यांना माझी विनंती आहे की उसाची नोंद घेताना सभासदाची माती-तपासणीची पत्रिकाही मागा. आणि शेतकरी बंधू-भगिनींनो, पुढच्या लागणीची गोणी आणण्याआधी मातीचा नमुना प्रयोगशाळेत द्या.