आईची गाडी आणि चोवीस सेल

आमच्या घरी महिन्याचा दुसरा रविवार बॅटऱ्यांचा असतो. त्या दिवशी कोणी जेवायला बोलावलं तरी आम्ही अकरानंतरच पोचतो. शेजारच्या गुजराती काकूंनाही हे पाठ झालंय. "आजे पाणी पिवडाववानो दिवस?" असं त्या गच्चीवरून विचारतात. पाणी पितात ते आमच्या गाडीचे चोवीस सेल.

गाडी म्हणजे रेवा. आपल्यापैकी जे विशी-पंचविशीत आहेत, त्यांनी ती कदाचित पाहिलीही नसेल. दोन दारं, पुढे दोन माणसं नीट आणि मागे दोन मुलं कशीबशी. २००१ साली बंगळुरूहून ही विजेवरची गाडी बाजारात आली, तेव्हा रस्त्यावर लोक तिला खेळणं म्हणायचे. पुढे 'जी-विझ' नावाने ती लंडनमध्येही फिरली. २०१० मध्ये कंपनी महिंद्रांकडे गेली आणि काही वर्षांत नवी मॉडेलं आल्यावर ही बंद झाली. आमची २००७ची. बाबांनी ती २०१२ मध्ये पुण्याहून जुनी घेतली आणि पहिल्या दिवसापासून आईच्या नावावर केली.

त्याला कारण होतं. आईने त्याआधी दोनदा गाडी शिकायचा प्रयत्न केला होता आणि दोन्ही वेळा क्लच आणि गिअरपाशी तो संपला होता. रेवात क्लचही नाही आणि बदलायचे गिअरही नाहीत. पुढे, मागे आणि न्यूट्रल यासाठी एक फिरवायचा खटका, बाकी दोन पेडल. सत्तावन्नाव्या वर्षी आई लायसन्स घेऊन आली. बाबा तेव्हा तिला सांगायचे की मोटारी बनवणाऱ्या हेन्री फोर्डची बायको, क्लारा, स्वतः मात्र डेट्रॉइट इलेक्ट्रिक ही विजेवरची गाडी चालवायची, कारण त्या काळच्या पेट्रोल गाड्या हँडल मारून सुरू कराव्या लागत. आईला फोर्डचं फारसं कौतुक नव्हतं, पण क्लाराचं होतं.

तेव्हापासून आई रोज मांजलपूरहून दांडिया बाजारला जाते. तिथल्या जुन्या वाड्यात मावशी एकटी राहते. मावशीला नीट दिसत नाही आणि वाडा सोडायला ती तयार नाही. आई डबा नेते, तिच्या डोळ्यांत औषध घालते, पेपर वाचून दाखवते आणि येताना खंडेराव मार्केटमधून भाजी आणते. जाऊन-येऊन बारा-तेरा किलोमीटर. वाड्यापर्यंतची गल्ली इतकी अरुंद की दुसरी कुठलीही गाडी बाहेरच ठेवावी लागते. रेवा आत जाते आणि वळूनही येते.

गाडीची निगा बाबांकडे होती. बाबा शिकले ते कलाभवनात. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेली ही संस्था आता विद्यापीठाची इंजिनिअरिंग फॅकल्टी आहे, पण बाबांच्या पिढीच्या तोंडी 'कलाभवन'च. नंतर मकरपुरा जीआयडीसीत मोटर वाइंडिंगमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. गाडी आली त्या आठवड्यात त्यांनी दोनशे पानी वही आणली, उभ्या रेघा मारून चोवीस रकाने पाडले आणि पहिल्या पानावर तारीख घातली.

चोवीस का, तर पुढच्या सीट वर केल्या की खाली ६ व्होल्टच्या आठ बॅटऱ्या दिसतात. प्रत्येकीत तीन सेल. सगळे एका माळेत जोडलेले, म्हणून एकूण ४८ व्होल्ट. या बॅटऱ्या शिसं आणि आम्लाच्या, म्हणजे १८५९ मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधलेल्या जातीच्या. चार्ज होताना, विशेषतः शेवटी शेवटी, त्यांतलं थोडं पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन बनून उडून जातं. तेवढं पाणी परत घालायचं. डिस्टिल्डच, आणि चार्जिंग पूर्ण झाल्यावर. आधी घातलं तर चार्ज होताना पातळी वाढून आम्ल बाहेर सांडतं. फक्त आतल्या प्लेट उघड्या पडलेल्या दिसल्या तर त्या बुडण्यापुरतं आधी घालायचं. आम्ल कधीच घालायचं नाही, कारण उडतं ते पाणी, आम्ल आतच असतं.

मग हायड्रोमीटर. काचेच्या नळीत रबरी फुग्याने थोडं आम्लपाणी ओढायचं आणि आतला तरंगता काटा वाचायचा. भरलेल्या सेलमध्ये पाण्याच्या तुलनेत घनता १.२६ ते १.२८ येते, सेल उतरला की ती १.१५च्याही खाली जाते. पाणी घातल्या-घातल्या वाचलं तर आकडा खोटा येतो, म्हणून वाचन आधी, पाणी नंतर. बाबा आकडे १२६०, १२५५ असे लिहीत. मी दहावीत असल्यापासून वही धरून बसायचं काम माझं. बाबांच्या त्या दिवशीच्या शर्टाला भोकं असायची, कारण आम्लाचा एक थेंबही सुती कापड खातो. हातातलं घड्याळ, अंगठी आधी देवघरात काढून ठेवायची. पान्ह्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळलेला. ४८ व्होल्टने माणसाला सहसा झटका बसत नाही, पण दोन टोकांवर लोखंड आडवं पडलं तर ते वितळेल इतका करंट या बॅटऱ्या देतात. खिडक्या-दारं उघडी आणि जवळपास उदबत्तीसुद्धा नाही, कारण हायड्रोजन.

बाकी कामं त्या मानाने थोडी. इंजिन ऑइल नाही, स्पार्क प्लग नाहीत, सायलेन्सर नाही. आमच्या मोटरला कार्बन ब्रश आहेत. ते झिजतात, त्यांची पूड ब्लोअरने उडवावी लागते. गाडी सुरू करताना 'टक्' आवाज येतो तो कॉन्टॅक्टरचा. त्याचे संपर्कबिंदू जळून खडबडीत झाले की आवाज बदलतो. पाय उचलला की मोटरच उलटी वीज बनवून गाडी हळू करते, म्हणून ब्रेक कमी झिजतात. पण कमी वापरामुळे पावसाळ्यात ते गंजतात. वर्षातून एकदा उघडून साफ करायचे. आणि टायरमधली हवा. हवा कमी असली की चार्ज लवकर संपतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये बाबा गेले. तेराव्यानंतर काही दिवसांनी मी वही उघडली. शेवटच्या तीन पानांवर सतरा नंबरच्या रकान्याला त्यांनी लाल गोल केला होता. १२४५, १२३५, १२२५. बाकीचे सेल १२५५च्या आसपास. खाली लिहिलं होतं : 'लक्ष ठेवणे.'

त्या मार्चपासून वही माझ्याकडे आली. हायड्रोमीटर मी, आकडे लिहायला आई.

त्याच वर्षी गाडीला पंधरा वर्षं झाली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. विजेवरच्या गाड्यांना हे नूतनीकरणाचं शुल्क केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये माफ केलं आहे, हे ठाऊक असावं म्हणून सांगते. ब्रेक, दिवे, हॉर्न, वायपर बघितले गेले. रांगेत मागे उभ्या असलेल्या एकाने पीयूसी कुठे विचारलं. आई म्हणाली, "अहो, हिला धूरच नाही."

डिसेंबर उजाडला आणि सतरा नंबर १२००च्या खाली आला. थंडीत बॅटरी तशीही कमी देते. लालबाग ब्रिज चढताना काटा झरकन खाली येई आणि पलीकडे उतरल्यावर पुन्हा वर. याचा अर्थ कळायला बाबांची वही पुरेशी होती. माळेतल्या सगळ्या सेलमधून करंट एकच वाहतो. चढावर तो वाढला की जो सेल अशक्त तो सगळ्यांत आधी कोसळतो, आणि तेवीस सेल धड असूनही गाडी थकते. पूर्वी एका चार्जवर साठ किलोमीटर सहज होत. आता वीस-बावीसच्या पुढे भरवसा नव्हता. आईच्या फेरीला तेवढे पुरत होते, पण जेमतेम.

दादा पुण्याहून आला तेव्हा घरात पहिल्यांदा या गाडीवरून वाद झाला. त्याचा हिशोब बिनचूक होता. आठ नव्या बॅटऱ्यांना लाखाच्या घरात खर्च, आणि गाडी विकायला काढली तर त्याच्या निम्मेही येणार नाहीत. "आई, अ‍ॅपवर रिक्षा बोलावत जा, पैसे मी भरतो," तो म्हणाला. त्यात प्रेम होतं हे आम्हाला कळत होतं. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "रिक्षा मला मावशीकडे नेईल रे. पण मावशीने चार वाजता फोन केला की मला घाबरायला होतंय, तर मी चार वाजता निघते. दहा वर्षं मी कोणाला विचारून निघालेले नाही."

दादा त्यावर काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तो तिच्या शेजारी बसून दांडिया बाजारला जाऊन आला.

मी वही घेऊन बाबांच्या ओळखीच्या बॅटरीवाल्या काकांकडे गेले. त्यांनी पानं उलटून पाहिली, गाडीला भार देऊन प्रत्येक बॅटरीचा व्होल्टेज मोजला आणि म्हणाले, "बेन, घरडी छे, मांदी नथी." म्हातारी आहे, आजारी नाही. आजारी होती ती फक्त सहावी बॅटरी. सोळा ते अठरा सेल तिच्यात येतात. तिच्या जागी नवी कोरी घालू नका, असंही त्यांनीच सांगितलं. जुन्यांच्या माळेत नवी एकटी पडते. जुन्या लवकर उतरतात, लवकर भरतात, आणि तिचं भरणं-उतरणं त्यांच्या तालावर होऊन तीही अकाली म्हातारी होते. त्यांच्याकडे गोल्फ कार्टमधून काढलेली, त्याच जातीची आणि साधारण त्याच वयाची एक बॅटरी होती. तिला दोन दिवस सावकाश चार्ज करून त्यांनी बसवली. खर्च काही हजारांत भागला आणि गाडी पुन्हा चाळीसपर्यंत जाऊ लागली.

तो दिलासा सव्वा वर्ष टिकला. मार्च २०२४ मध्ये सगळेच रकाने एकसारखे खाली येऊ लागले. एक सेल खचला तर तो आजार, चोवीस एकत्र खचले तर ते वय. या वेळी वाद झाला नाही. आईने तिची एक एफडी मोडली. दादाने निम्मे पाठवले होते, ते तिने परत केले. "गाडी माझ्या नावावर आहे," एवढंच म्हणाली. जुन्या बॅटऱ्या काकांनी वजनावर परत घेतल्या. शिसं विषारी असतं पण वितळवून पुन्हा पुन्हा वापरता येतं, म्हणून त्या भंगारवाल्याला न देता बॅटरीविक्रेत्यालाच परत द्यायच्या.

आता आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत लिथियमच्या नव्या गाड्या आल्या आहेत. त्यांत पाणी घालावं लागत नाही आणि घरी झाकण उघडायचा विचारही करू नये. तिथे व्होल्टेज ३००-४०० असतो आणि नारिंगी वायरीला फक्त प्रशिक्षित माणसाने हात लावायचा. पण त्या गाड्याही म्हाताऱ्या होणार आहेत, आणि बऱ्याच गोष्टी सारख्याच आहेत. बॅटरीला उष्णता सोसत नाही, म्हणून आपल्या मे महिन्यात गाडी सावलीत ठेवा. तळापर्यंत उतरवू नका. रोजच्या वापराला बहुतेक गाड्यांना ऐंशी टक्के चार्ज पुरतो. एलएफपी जातीची बॅटरी असेल तर कंपनी सांगते तसा अधूनमधून पूर्ण चार्ज करा, म्हणजे सेल एका पातळीवर येतात. वॉरंटी संपण्याआधी 'स्टेट ऑफ हेल्थ'चा अहवाल लेखी मागून घ्या. आणि बॅटरी गेली असं कोणी म्हणालं तर कुठला भाग गेला ते आधी विचारा. कित्येकदा एखादंच मॉड्यूल खराब असतं.

सगळ्यांत महत्त्वाचं, कुठेतरी लिहून ठेवा. महिन्याला एक ओळ : तारीख, किलोमीटर, पूर्ण चार्जवर किती चालली. एका दिवसाच्या आकड्यावरून काही कळत नाही, दोन वर्षांच्या आकड्यांवरून पुष्कळ कळतं. आमच्या वहीची आता सत्तावीस पानं उरली आहेत. दुसरी वही दादाने पुण्याहून पाठवली आहे, रकाने आखून.