खाडीकाठचा वाटा

बेलापूर म्हटलं की लोकांना कोकण भवन आठवतं, सिडको भवन आठवतं, फार तर महापालिका मुख्यालयापुढचा भलामोठा तिरंगा. काम असलं तर जायचं, कागदावर शिक्का मारून घ्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचं. रविवारी तर कचेऱ्यांच्या भागात चहाची टपरीही शोधावी लागते. सोलापूरची ती आणि गिरगावच्या चाळीतला तो लग्न करून इथे राहायला आले, ते रेल्वे बेलापूरपर्यंत पोचली त्या सुमारास, १९९३च्या आसपास. घर परवडलं, एवढंच कारण होतं.

पहिल्याच रविवारी त्याला मासळीची तलफ आली. वॉचमनने दिवाळे गावच्या मासळीबाजाराचा रस्ता दाखवला. किल्ला जंक्शन ओलांडलं की शहराचे रुंद रस्ते संपतात आणि कोळीवाड्याची बोळं सुरू होतात. जवळच बेलापूरच्या किल्ल्याचे अवशेष. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज अशा सगळ्यांनी हा किल्ला खाडीवर नजर ठेवायला वापरला. त्याच खाडीवर दिवाळ्याच्या होड्या आजही जातात.

तिच्या माहेरी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि सणाला पुरणपोळी. मासा तिने ताटात पाहिला नव्हता. बाजारात ती पदर नाकाला लावून उभी राहिली आणि समोरच्या टोपलीतून एक निवटा उडून तिच्या चपलेपाशी पडला. बोटाएवढा, चिखलाच्या रंगाचा, डोळे कपाळावर. कोळीण हसली. "घाबरतंस काय, वैनी? ताजा हाय म्हणून तर उडतंय!" निवटा ओला असेतो कातडीतूनही श्वास घेतो, म्हणून ओहोटीच्या चिखलात तो बिनधास्त हिंडतो. बायका गुडघाभर गाळात उतरून त्याला बिळातून हाताने काढतात. वाट्यात मांडलेल्या त्या वीसपंचवीस जिवांकडे ती बराच वेळ बघत राहिली. खाल्ले मात्र त्याने एकट्यानेच.

मग हळूहळू तिला त्या बाजाराचं पंचांग पाठ झालं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद, तेव्हा खाडीतल्या चिंबोऱ्या, कोलंबी आणि उन्हाळ्यात भरून ठेवलेलं सुकट. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा ताजी मासळी. सगळ्यांत मानाचा जिताडा. रायगडात त्याची पिल्लं भरतीबरोबर उघडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, खारबंदिस्तीच्या आत येतात, गावातल्या तळ्यांत सोडली जातात आणि दोनतीन वर्षांत चांगली मोठी होतात. हा मासा बहुधा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी मादी होतो, हे तिला कळलं त्या दिवशी तिने नवऱ्याला ऐकवलं, "बघा, शहाणपण यायला वेळ लागतो." जिताड्याचा पहिला घास तिने त्याच दुपारी घेतला.

मुलगी झाली तेव्हा संध्याकाळची फेरी आर्टिस्ट व्हिलेजकडे वळली. चार्ल्स कोरियांनी १९८३ ते १९८६ या काळात बांधलेली ही वसाहत. सात सात घरं एका अंगणाभोवती, अशी अंगणं जोडून पुढे मोठी मोकळी जागा. भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही, त्यामुळे ज्याला हवं त्याने आपलं घर वाढवावं, ही मूळ कल्पना. लोकांनी ती जरा जास्तच मनावर घेतली. कौलं गेली, मजले चढले, टाइल्स लागल्या. मूळचं घर आता शोधून काढावं लागतं. अंगणं मात्र राहिली. तिथे पापड वाळतात, स्कूटर लागतात, गणपतीत मांडव पडतो. त्यांच्या मुलीने पहिली पावलं त्यातल्याच एका अंगणात टाकली, आणि त्या घरच्या आजींनी तिच्या हातावर तांदळाच्या भाकरीचा तुकडा ठेवला.

ती भाकरी कुठून येते, हे त्यांना कळलं एका आगरी कुटुंबाच्या हळदीत. अंगणात धवलारीण धवळे म्हणत होती आणि पंगतीत यजमान शेतांची नावं सांगत होते. सिडकोची स्थापना १९७०ची. नव्या शहराला ९५ गावांच्या जमिनी लागल्या. भातखाचरं गेली, मिठागरं गेली. जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी मारले गेले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. आपली इमारत कोणाच्या खाचरावर उभी आहे, हे तोवर दोघांनी कधी कोणाला विचारलंच नव्हतं. त्या यजमानांनी विषय वाढवला नाही. "हिवाळ्यात पोपटीला या," एवढंच म्हणाले.

गेले. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मधे अंडी, पुन्हा पाला. पाणी नाही, तेलाचा थेंब नाही. मडकं उपडं करून भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या पेटवायच्या. मडक्यावर पाण्याचे थेंब उडवले आणि ते चर्रकन आटले की झालं. सोलापूरकरणीला मासळीपेक्षा हे चटकन पटलं. शेंगा तर तिच्या ओळखीच्याच होत्या.

मुलगी आता तोक्योच्या एदोगावा भागात, निशिकासाईत राहते. तिथे इतके भारतीय आहेत की २०१९मध्ये योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस एदोगावाच्या स्थानिक सभेवर निवडून आला. मागे सुट्टीत ती आणि जावई क्यूशू बेटावरच्या सागा या शांत शहराकडे गेले होते. शेजारच्या आरिआके खाडीच्या चिखलात निवट्याचाच भाऊबंद सापडतो, आणि लोक तो काडीला टोचून, सोया सॉसचा गोडसर रस लावून निखाऱ्यावर भाजतात. मुलीने फोटो पाठवला. आईने तो दिवाळ्याच्या बाजारात नेऊन दाखवला.

कोळणीने फोन लांब धरून निरखून पाहिलं. "वैनी, यात मसाला कुठाय?"

त्या दिवशी जिताडाही आला होता. भाव ऐकून नवऱ्याने बोईटाचा वाटा घेतला. कैऱ्या संपल्या होत्या, तेव्हा कालवणात चिंच घालायची की कोकम, यावर किल्ला जंक्शनचा सिग्नल लागेपर्यंत दोघांचं एकमत झालं नव्हतं.