कंदिलाची काच

मिरकरवाडा बंदरात रात्रीची भरती येऊ लागली, की नांगरलेल्या होड्या हलके हलके डोलू लागतात. अशा वेळी आकाशातून एखादा तारा निखळतो आणि क्षणात विझतो. वास्तविक तो तारा नसतोच. बहुधा तो वाळूच्या कणाएवढा दगड असतो! वातावरणात अतिवेगाने शिरताना त्याच्यापुढील हवा दाबली जाऊन प्रखर तापते, आणि त्या तापाने तो भस्म होतो.

मग अवकाशातून परतणारे यान का बरे जळत नाही? त्याचा वेग सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर असतो. या वेगाने मिरकरवाड्याहून मुंबई अर्ध्या मिनिटात गाठता येईल!

पूर्वी होड्यांवर कंदील असत. तापलेल्या काचेवर लाटेचा एक तुषार उडाला, की काच तडकत असे. भिजलेला भाग एकाएकी आकसे. शेजारचा भाग मात्र फुगलेलाच राही. ही ओढाताण काचेला सोसत नसे. यानाच्या कवचाचेही तसेच आहे. त्याचा बाहेरचा भाग झपाट्याने तापतो, आतला थंडच असतो. म्हणून शास्त्रज्ञ कवच आधी गणितात तापवून पाहतात. त्याचे अनेक पातळ थर कल्पून, प्रत्येक थराने किती उष्णता घेतली, किती पुढे दिली आणि तो किती फुगला, याचा क्षणाक्षणाचा हिशेब मांडतात. मग प्रयोगशाळेत नमुना तापवून तो हिशेब पारखून घेतात.

१० जानेवारी २००७ रोजी भारताने ५५० किलोग्रॅम वजनाची एक कुपी अवकाशात धाडली. सिलिकाच्या फरशांचे कवच ल्यालेली ती कुपी २२ जानेवारीस बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली.

परंतु हिशेब चुकला, तर? २००३ साली ‘कोलंबिया’ यानाच्या उड्डाणात टाकीवरील फेसाचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. धोका अजमावण्याचे गणित लहान तुकड्यांच्या अनुभवावर बेतलेले होते. हा तुकडा त्यांहून कित्येक पट मोठा होता. तरीही यान सुखरूप उतरेल, असाच निष्कर्ष निघाला. १ फेब्रुवारीस परतताना पंखाच्या छिद्रातून तप्त हवा आत शिरली. यान भंगले. कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी परतले नाहीत.

खाडीतल्या लाटेवरून तुफानाचा अंदाज बांधू नये, हे मिरकरवाड्याचा तांडेल जाणतो. आकाशातील तांडेलांनाही हेच जाणावे लागते.