किती जणांचं पाणी?

जानेवारीतला सोमवार, सकाळचे साडेसहा. बाहेर मिट्ट काळोख. मुलगा न्हाणीघरातून ओरडला, "आई, गार येतंय पाणी!" मी सवयीनं म्हटलं, "वाहू दे जरा, येईल गरम." आलं नाही. स्वयंपाकघरातलं कोपऱ्यातलं कपाट उघडून पाहिलं, तर आतल्या पांढऱ्या खोक्यावर लाल दिवा उघडझाप करत होता. पुन्हा चालू करायचं बटण मी चारदा दाबलं. पाचव्यांदा दिवाही विझला.

रेडिंगमधलं हे घर आम्ही २००८ साली घेतलं, तेव्हा हा कॉम्बी बॉयलर दोन वर्षांचा होता. गॅसवर चालतो, घरभरचे रेडिएटर तापवतो आणि नळाचं पाणीही. टाकी नाही, साठा नाही. नळ सोडला की आत जाळ पेटतो, बंद केला की विझतो. आमच्याकडे अठरा वर्षं त्यानं काम केलं. पंधरा वर्षं टिकला तरी लोक बॉयलरचं कौतुक करतात, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती. आलेल्या कारागिरानं झाकण काढलं, टॉर्च मारली आणि डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात तसल्या आवाजात सांगितलं, की याचे सुटे भाग आता बनत नाहीत. नवाच घ्या. मग वही काढून विचारलं, "घरात माणसं किती?"

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

मुलगी मँचेस्टरला शिकायला गेलेली, सुट्टीत येते. मुलगा सतरा वर्षांचा, म्हणजे पुढच्या वर्षी तोही जाणार. वाईहून आई येते, व्हिसा सहा महिन्यांचा असतो, ती एप्रिल ते सप्टेंबर राहते. उरलो आम्ही दोघं. यातलं कुठलं उत्तर वहीत लिहायचं? "दोन ते पाच," मी म्हणाले. त्यानं चार लिहिलं.

वाईच्या वाड्यात हा प्रश्न कुणाला पडला नसता. तिथे मागच्या पडवीत तांब्याचा बंब होता, माझ्या छातीइतका उंच. मधून नळी गेलेली, खाली जाळी, जाळीवर ढलप्या आणि नारळाच्या करवंट्या पेटवायच्या. नळीभोवतीच्या पोटात पाणी. वरच्या तोंडातून गार पाणी ओतलं की तोटीतून कढत पाणी घंगाळात पडायचं. नियम एकच: जेवढं काढाल तेवढं घाला. पाणी कमी आणि खाली जाळ, असं झालं की सांध्यांचे डाग सुटायचे आणि मग बंब उचलून तांबटाकडे न्यायचा. एकदा माझ्याकडून घालायचं राहिलं. बंबाच्या बुडातून ठिबक सुरू झाली आणि विस्तव चर्र करून विझला. आजोबा काही बोलले नाहीत. पुढे आठवडाभर चुलीवर पाणी तापवताना आजी मात्र रोज बोलली.

आंघोळीचा क्रम ठरलेला. आधी आजोबा, त्यांची पूजा असायची म्हणून. मग कचेरीत जाणारे काका, मग शाळेतली मुलं, मग बायका. आजी सगळ्यांच्या शेवटी, आणि तोवर जाळ मंदावलेला असायचा. तिचं पाणी कधी कढत नसायचंच, त्यामुळे तिला विसण घालावं लागत नाही, असं आम्ही मुलं चेष्टेनं म्हणायचो. आता ती चेष्टा आठवली की बरं वाटत नाही.

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी बंब चिंच लावून घासला जायचा, त्याला हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची. रेडिंगच्या बॉयलरला मी अठरा वर्षांत फडकंसुद्धा मारलं नव्हतं.

पुढे पुण्यात फ्लॅट आला आणि फ्लॅटमध्ये गॅसचा गीझर. काडेपेटी एवढीच काय ती बंबाशी राहिलेली ओळख. आई झडप उघडल्याशिवाय आम्हाला आत जाऊ द्यायची नाही, कारण बंद न्हाणीघरात गॅस गीझरनं माणूस गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात पेपरात यायच्या. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हे मला रसायनशास्त्राच्या आधी आईनं शिकवलं.

गीझर हा शब्द आपल्याला इंग्रजांनी दिला आणि मग ते स्वतःच विसरून गेले. १८६८ साली बेंजामिन वॉडी मॉन नावाच्या लंडनच्या एका रंगाऱ्यानं वाहतं पाणी गॅसवर तापवणारं यंत्र काढलं आणि आइसलँडमधल्या गरम पाण्याच्या कारंज्यावरून त्याला गीझर नाव दिलं. त्या यंत्राला धुराडं नव्हतं. धूर न्हाणीघरातच राहायचा. म्हणजे आईची झडपेची धास्ती थेट तिथपासूनची. आता इथल्या बोलीत गीझर म्हणजे बाप्या, बुवा. हे मला २००३ साली, भाड्याच्या घरात असताना कळलं. एजंटच्या कचेरीत फोन करून मी सांगितलं, आमचा गीझर काम करत नाही. पलीकडच्या बाईनं हळुवारपणे विचारलं, "किती दिवस झाले त्यांची नोकरी जाऊन?"

त्या घरात बेसिनला दोन नळ होते, एकातून चटका, दुसऱ्यातून बर्फ. गार पाणी रस्त्याच्या वाहिनीतून थेट येई आणि गरम माळ्यावरच्या टाकीच्या जोरावर. दोघांचा दाब वेगळा, म्हणून ती वेगळीच ठेवलेली. कारण समजलं, तरी एवढं साम्राज्य चालवणाऱ्या लोकांना विसण कसं सुचलं नाही, हे कोडं माझ्यापुरतं सुटलेलं नाही.

असो. घरात रेडिएटर थंड पडलेले, पातेल्यात पाणी तापवून आंघोळी चाललेल्या, अशा अवस्थेत बॉयलर निवडायचा होता. सोफा घ्यायला आम्ही चार महिने घेतले होते. अठरा वर्षं भिंतीवर राहणारी वस्तू दोन दिवसांत ठरवायची, तीही दातावर दात वाजत असताना. बॉयलर मरतो तो थंडीतच, आणि विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

पहिला आला तो कंपनीचा विक्रेता, कोटटाय घातलेला. चाळीस किलोवॅटच्या खाली बोलेना. "चार माणसं, एक शॉवर, एक टब, उगाच कमी कशाला घ्यायचं?" मला पटत आलं होतं. मग आला साठीचा एक स्थानिक फिटर, गॅस सेफ नोंदणीचं ओळखपत्र गळ्यात, मला 'लव्ह' म्हणणारा. त्यानं विचारलं, "बादली आहे का?" मराठी घरात बादली आहे का! आईची दहा लिटरची निळी बादली न्हाणीघरात असतेच, मगासकट. हिवाळ्यासाठी बंद ठेवलेला बागेचा नळ त्यानं उघडून घेतला, बादली खाली धरली आणि मोबाइलवर सेकंद मोजले. पन्नास. म्हणजे मिनिटाला बारा लिटर.

"रस्त्यावरून एवढंच येतं," तो म्हणाला. "यंत्र केवढंही आणा, पाणी ते बनवत नाही."

रात्री मी हिशेब करून पाहिला. जानेवारीत नळाला पाच-सहा अंशांचं पाणी येतं, अंगावर चाळीसचं हवं, म्हणजे पस्तीस अंश चढवायचे. एक लिटर एक अंश तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात. तीस किलोवॅटचा बॉयलर मिनिटाला बारा लिटर देतो. चाळीसचा सोळा देईल, पण सोळा लिटर आणायचे कुठून? वर मोठ्या बॉयलरला गॅसची नळीही जाड लागते, मग भिंती फोडा. कोटटायचा आकडा बादलीत बुडाला.

आणखी एक गोष्ट फिटरनं सांगितली आणि ती मला चुलीमुळे लगेच समजली. आमच्यासारखं घर ऊबदार ठेवायला कडाक्याच्या थंडीतही सात-आठ किलोवॅट पुरतात. तीस लागतात ते फक्त आंघोळीला. म्हणून बॉयलर किती मोठा पेटतो याच्याइतकंच तो किती बारीक जळू शकतो हे पाहायचं. बारीक होता येत नसेल, तर तो दिवसभर भडकतो आणि विझतो. मंद आच न जमणाऱ्या शेगडीवर पुरणपोळी काय होईल ते आपल्याला ठाऊक आहे. तीनपर्यंत उतरणारा बॉयलर आम्ही पाहून घेतला.

हीट पंपाचाही विचार झाला. त्यासाठी इथलं सरकार ७,५०० पौंड अनुदान देतं, आणि गॅस जाळून आपण मुलांसाठी काय ठेवणार, हा प्रश्न मुलानं जेवताना विचारलाच. पण हीट पंप पाणी सावकाश तापवतो, म्हणून ते साठवायला टाकी लागते. टाकीची जागा आमच्याकडे एकच, जिन्याच्या वरच्या कपाटात. आधीच्या मालकानं तिथली टाकी काढून टाकली, आणि तिथे २००८ पासून आमचे देव आहेत. इंग्लंडातल्या मराठी घरांत देव कुठे कुठे बसवलेले असतात, यावर वेगळा लेख होईल. टाकीसाठी बाळकृष्णाला उठवायचा, तर तो निर्णय आईला विचारल्याशिवाय घेणं शक्य नव्हतं, आणि मुलाला सोमवारपासून धड आंघोळ नव्हती. मी मुलाला म्हटलं, पुढच्या वेळी. हे उत्तर मला स्वतःला फारसं आवडलं नाही.

बसवायला एक दिवस लागला, त्याआधीचा अर्धा दिवस रेडिएटर धुण्यात गेला. नळीतून काळंकुट्ट पाणी आलं, गणपतीनंतरच्या तळ्यासारखं. जुन्या बॉयलरचं उष्णता देणारं पत्र्याचं पुडकं फिटरनं मला कापून दाखवलं. आत क्षारांचा थर, भाकरीच्या पापुद्र्यासारखा. इथलं पाणी जड, चुनखडीतून येतं. बाहेरच्या भिंतीवरची पांढरी प्लास्टिकची नळी त्यानं जाड करून घेतली. नव्या बॉयलरांच्या धुरातली वाफ आतच थिजते आणि ते पाणी या नळीतून बाहेर पडतं. २०१० च्या डिसेंबरात ती गोठली होती आणि बॉयलर गुरगुरून बंद पडला होता. तेव्हा मी बर्फात उभी राहून तिच्यावर किटलीतलं कोमट पाणी ओतलं होतं. पाणी तापवणाऱ्या यंत्राला आधी ऊन पाण्यानं न्हाऊ घालायचं! फोनवर आई म्हणाली होती, "बंब बरा होता गं."

शेवटी त्यानं कार्बन मोनॉक्साइडची घंटा लावली आणि कागदावर सही घेतली. दहा वर्षांची हमी, दर वर्षी तपासणी केली तर. मी मनात बेरीज केली. दहा वर्षांनी मुलं कुठल्या तरी दुसऱ्या गावात, आपापल्या बॉयलरखाली. आई सत्त्याऐंशीची. विमानात बसेल?

एप्रिलात ती आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नव्या बॉयलरवरचा नळ सोडून दाखवला. पहिलं गार पाणी वाया जाऊ नये म्हणून तिनं निळी बादली खाली धरली; ते पाणी दुपारी कढीपत्त्याच्या कुंडीला गेलं. "आता किती वेळ येतं गरम?" तिनं विचारलं.

"हवं तेवढं. संपतच नाही."

तिनं मान डोलावली. अर्ध्या तासानं ती नऊवारी सावरत बाहेर आली आणि जिन्यातून हाक मारली, "चल, तुझं पाणी काढून ठेवलंय, गार होईल." वर जाऊन पाहिलं. शॉवरखाली निळी बादली काठोकाठ भरलेली, वर स्टीलचं ताट झाकलेलं, आणि ताटाच्या कडेनं वाफ निघत होती.